कुकरची वाफ धरायला लागली की हातपाय गार पडतात. ही भीती जाते का?

ओसरी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिला तर उत्तरही अर्धवट मिळेल म्हणून सगळंच लिहिते.

मी नाशिकला राहते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी कुकरला मूग लावले होते, अख्खे, सालीचे. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना, नुसता सूंऽऽ आवाज. गॅस बारीक करायला मी हात पुढे केला आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. आवाज एवढा मोठा की खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून धावत आले. मूग छताला चिकटलेले, ट्यूबलाइटवर, चहाच्या डब्यांवर, सगळीकडे. मला मनगटावर दोन थेंब उडाले, बाकी काही नाही. छत पुसलं, ओटा धुतला, पोळी-चटणीचे डबे भरले आणि कामावर गेले. मला वाटलं, झालं गेलं संपलं.

दुसऱ्या दिवशी रिंग बसवताना हात थरथरायला लागले. तरी कुकर लावला. वाफ धरायला लागली तशी छातीत धडधड, तळहात ओले, आणि मी गॅस बंद करून बाहेर गॅलरीत आले. बाहेर आल्या आल्या इतकं बरं वाटलं! तेव्हापासून कुकर नवरा लावतो आणि तेवढा वेळ मी मुलीला घेऊन गॅलरीत थांबते. एरवी डाळ पातेल्यात शिजवते, भात उघड्यावर करते. आमच्या इमारतीत सकाळी सात ते आठ घराघरांतून शिट्ट्या होतात. त्या वेळात मी नळ मोठा सोडून भांडी घासत बसते, म्हणजे ऐकू येत नाही. खरं तर शिट्टीपेक्षा तिच्या आधीचा तो सूंऽऽ जास्त छळतो. मागच्या महिन्यात स्टँडवर एसटीच्या ब्रेकची हवा फुस्सकन सुटली आणि मी हातातली पिशवी टाकून मागे सरले.

मुलगी पाच वर्षांची आहे. त्या दिवशी ती घरात नव्हतीच, आजीकडे होती. आता शिट्टी झाली की तीही कान झाकते आणि "आई, बाहेर चल" म्हणते. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

गौरी-गणपतीला आम्ही साताऱ्याला सासरी जातो. तिथे वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक आणि दोन मोठे कुकर. सासूबाई प्रेमाने सांगतात, "मनावर घेऊ नकोस, होईल सवय." नणंद चिडवते. पंधरा वर्षं रोज कुकर लावला, कधी काही झालं नाही. मग एका प्रसंगात एवढी भीती कशी बसली? ती जाते का? आणि मुलीचं काय करू?

पानापक्कड

ताई, मनाचं जाणकार सांगतील, मी कुकरचं सांगतो. आमचं भांडी, कुकर, मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं.

अख्ख्या मुगाची साल सुटते, फेसाबरोबर वर येते आणि शिट्टीखालच्या नळीत अडकते. नळी तुंबली की शिट्टी होत नाही, आत दाब वाढत राहतो आणि दाबाबरोबर वाफेचं तापमानही. एरवी कुकरमध्ये साधारण १२० अंश सेल्सियस असतं. त्याच्या बरंच वर गेलं की सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातूचा तुकडा वितळतो आणि वाफ तिथून सुटते. तो तुकडा वितळण्यासाठीच बसवलेला असतो. म्हणजे तुमच्या कुकरने त्या दिवशी जे करायला हवं होतं तेच केलं.

आता एवढं करा. रोज लावायच्या आधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय ना ते बघा. नसेल दिसत तर सुई फिरवून पाण्याखाली धरा. डाळी, कडधान्यं फेस धरतात, त्यांना कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. शिट्टी वेगळी निघत असेल तर झाकण लावल्यावर आधी नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्या, मगच शिट्टी ठेवा. धार आली म्हणजे नळी मोकळी आहे. रिंग कडक झाली, तडे गेले की बदला. व्हॉल्व्ह आणि रिंग ज्या कंपनीचा कुकर त्याच कंपनीची घ्या, फुटपाथवरचा दहा रुपयांचा व्हॉल्व्ह कुठे वितळेल याचा भरवसा नाही. नवीन घेणार असाल तर आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा आकडा बघून घ्या, २०२० च्या सरकारी आदेशाने ते बंधनकारक आहे.

कृष्णाकाठ

ओसरी, आधी पानापक्कड यांचे आभार. भीतीवर काम सुरू करण्यापूर्वी खरा धोका कुठे आणि किती हे नक्की करावं लागतं, आणि ते मला एवढं नेमकं सांगता आलं नसतं. मी सांगलीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. एखाद्या ठरावीक वस्तूची किंवा प्रसंगाची भीती हा मनाच्या त्रासांमधला सगळ्यात चांगला उपाय असलेल्या त्रासांपैकी एक, आणि तरी माणसं ती जन्मभर अंगावर काढतात.

एका प्रसंगात भीती बसते का? बसते. पावलॉवच्या कुत्र्यांबद्दल आपण शाळेत वाचलेलं असतं: खाणं येण्याआधी दर वेळी एक आवाज केला की पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. भीतीही अशीच जोडली जाते हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर दाखवलं आणि १९२० साली छापलं. त्या मुलाला त्यांनी अल्बर्ट म्हटलं आहे. नऊ महिन्यांचा असताना त्याला पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, कापूस, मुखवटे दाखवले. तो कशालाच घाबरला नाही. अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याने उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे टांगलेल्या पोलादी कांबीवर हातोडा मारायचा, असं सुरू केलं. पहिल्या दिवशी दोनदा, आठवड्याने आणखी पाचदा. मग नुसता उंदीर पुढे ठेवला, आवाज केला नाही, तरी मूल रडत उलटं फिरलं आणि इतक्या वेगाने रांगत सुटलं की टेबलाची कड येण्याआधी त्याला धरता धरता त्यांची धांदल झाली. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट, सगळ्यालाच ते घाबरायला लागलं. हा प्रयोग शिकवताना मला राग यायचा, आजही येतो. घातलेली भीती काढण्याचं काम कोणी केलंच नाही. मूल तिथून गेलं ते तसंच.

आता तुमची सकाळ बघा. कांबीच्या जागी व्हॉल्व्हचा स्फोट. उंदराच्या जागी काय? शिट्टी म्हणाल, पण त्या दिवशी शिट्टी झालीच नव्हती. होता तो सूंऽऽ. शरीराने नेमकी तीच खूण उचलली जी स्फोटाच्या लगेच आधी होती, म्हणून शिट्टीपेक्षा सूं जास्त छळतो. आणि अल्बर्टला जसा केसाळ कोट, तशी तुम्हाला एसटीच्या ब्रेकची हवा. यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा कुठेच नाही. धोक्याची खूण एका फटक्यात शिकणारं शरीर आपल्या सगळ्यांना मिळालेलं आहे.

पंधरा वर्षांचा बिनधोक अनुभव मात्र वाया जात नाही. ज्या गोष्टीशी आधी पुष्कळ निर्धास्त ओळख असते तिची भीती सहसा कमी बसते. तुम्ही दुसऱ्या दिवशी घाबरत का होईना, कुकर लावलात, तो या ओळखीच्याच जोरावर. तो कुकर पूर्ण झाला असता, शिट्ट्या होऊन, वाफ जाऊन झाकण उघडलं असतं, तर माझ्या अंदाजाने ही भीती काही आठवड्यांत विरून गेली असती. तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे: "बाहेर आल्या आल्या इतकं बरं वाटलं!" ओ. एच. मॉवरर या मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली हेच मांडलं. भीती बसते एका मार्गाने आणि टिकते दुसऱ्या. पळाल्यावर जे हायसं वाटतं ते बक्षीस असतं, आणि ज्याला बक्षीस मिळतं ते आपण पुन्हा करतो. गॅलरी, मोठा सोडलेला नळ, पातेल्यातली डाळ, ही सगळी रोजची छोटी छोटी बक्षिसं. त्यांमुळे "मी थांबले असते तरी काही झालं नसतं" हे कळण्याची संधीच शरीराला मिळत नाही.

जाते का, तर जाते. अल्बर्टच्या बाबतीत राहून गेलेलं काम मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने केलं. न्यूयॉर्कमधल्या एका बालसंस्थेत पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता, सशाला प्रचंड घाबरणारा. ती त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायची आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायची. आधी लांब, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही एवढ्या अंतरावर. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला, बोटं चावू द्यायला लागला. हे १९२४ साली छापून आलं. त्याच वर्षी तिने आणखी एक लेख लिहिला, तो मला जास्त मोलाचा वाटतो. मुलांच्या भीतीवर लोक जे जे करतात ते तिने एकेक करून तपासलं होतं: समजावून सांगणं, चिडवणं, रागावणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, नुसता वेळ जाऊ देणं. भरवशाचे दोनच ठरले. आवडत्या गोष्टीच्या सोबतीने हळूहळू जवळ नेणं, आणि न घाबरणाऱ्या दुसऱ्या मुलांना बघू देणं. सासूबाईंची माया खरी आहे, पण "मनावर घेऊ नकोस"ने भीती जात नाही. नणंदेच्या चिडवण्याने तर नाहीच नाही.

मोठ्यांसाठी याची पद्धत जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरने बांधली, १९५८ च्या त्याच्या पुस्तकात ती आहे. शरीर सैल सोडायला शिकायचं, भीतीच्या पायऱ्या लावायच्या आणि खालून एकेक चढायची. पुढच्या संशोधनात दिसलं की सैल सोडण्यापेक्षा जास्त काम करतं ते त्या जागी टिकून राहणं.

तुमच्या पायऱ्या मी अशा लावेन. पहिली, थंड कुकर बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवून त्याची रिंग काढा, बसवा, शिट्टी बोटाने उचला. पानापक्कड यांनी सांगितल्याप्रमाणे नळी उजेडात बघा, तेही याच पायरीत. दुसरी, तुमच्याच कुकरचा आवाज मिस्टरांकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या, सूंपासून शिट्टीपर्यंत, आणि तो ऐका. आधी बारीक, मग मोठा. कंटाळा येईपर्यंत ऐका. कंटाळा फार चांगली खूण आहे. त्यानंतर सकाळी सात ते आठ नळ बंद. मग मिस्टर कुकर लावत असताना दारात उभं राहणं, मग ओट्याजवळ. मग तुम्ही स्वतः लावायचा, पण आत फक्त पाणी. मग भात. मग तूरडाळ. अख्खे मूग सगळ्यात शेवटी.

प्रत्येक पायरीआधी वहीत लिहा: काय होईल असं वाटतंय? "व्हॉल्व्ह उडेल", "मी कोसळेन", जे मनात असेल ते. झाल्यावर खाली लिहा, काय झालं. भीती टोकाला असताना बाहेर पडू नका. गॅस तुम्ही बंद करायचा तो शिट्ट्या पूर्ण झाल्यावर, भीती वाटली म्हणून नाही. एकेक पायरी रोज करा, आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही.

एक मात्र विचारते. त्या सकाळची दृश्यं झोपेत येतात का, जागेपणी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहतात का, सतत दचकायला होतं का? तसं असेल तर हे एकटीने करू नका, तो त्रास वेगळा असतो आणि त्याचे उपचारही वेगळे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. जवळ कोणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कडुनिंब

ताईंनी शरीर सैल सोडण्याचं लिहिलंय म्हणून एक भर घालतो. रक्त आणि सुईची भीती असलेल्यांनी हे वेगळं समजून घ्यावं. मला रक्ततपासणीच्या खुर्चीवरच चक्कर यायची, अक्षरशः कोसळायचो. बाकीच्या भीतींमध्ये रक्तदाब चढतो. यात तो आधी चढतो आणि मग एकदम खाली येतो, म्हणून शुद्ध हरपते. अशा वेळी अंग सैल सोडलं तर चक्कर लवकरच येणार.

मला शिकवलेली पद्धत उलटी आहे. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी ती बसवली. हात, पाय, पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग अर्धा मिनिट नेहमीसारखं बसायचं, पुन्हा आवळायचं, असं पाच वेळा. सुई ज्या हातात टोचणार तो हात तेवढा मोकळा ठेवायचा. आधी घरी सराव, मग दुसऱ्याचं रक्त घेताना बघणं, मग स्वतःचं. आता तपासणीला एकटा जातो.

रानवाट

मुलगी घरात नसूनही घाबरायला लागली याचं नवल वाटू देऊ नका. मला कुत्रं कधी चावलं नाही, दुसऱ्या कोणाला चावताना मी पाहिलंही नाही. माझी भीती फक्त बोलण्यातून आली. कोल्हापुरात आमच्या गल्लीत प्रत्येक मोठं माणूस एकच वाक्य सांगायचं: "कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं." त्या वाक्याने बेंबीभोवती सुया टोचल्यासारखं व्हायचं. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, कसौलीत १९११ साली तयार झालेली. भारतात ती २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडातच देतात, आणि मोजकेच डोस. हे सगळं मला माहीत होतं, तरी गल्लीच्या तोंडाशी कुत्रं दिसलं की मी मागच्या रस्त्याने फिरून जायचो.

सुटलो ते शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या, साखळीला बांधलेल्या कुत्रीमुळे. आधी फाटकाबाहेरून तिच्याकडे बघत उभा राहायचो, मग आत पायरीवर बसायला लागलो, मग ती माझ्या चपलेवर डोकं टेकून झोपायला लागली. अनोळखी टोळक्यापासून मी आजही लांब राहतो आणि राहायलाच हवं. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वप्नं वगैरे पडत नाहीत, दचकणं फक्त वाफेच्या आवाजापुरतं आहे. पहिल्या दोन पायऱ्या सुरू केल्या. रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकताना फोन उशीखाली ठेवावा लागला, आता भाजी चिरताना लावते. नवरा म्हणतो, एवढं लांबवायचं कशाला, एकदा ओट्यापाशी उभी राहा, मी दार लावून घेतो, एका दिवसात सुटशील. कृष्णाकाठताई, असं चालतं का? आणि दारात उभी राहते तेव्हा ओढणी कानावर घेतली तर चालेल ना?

कृष्णाकाठ

मिस्टरांना सांगा, हेतू चांगला आहे पण दार लावायचं नाही. एकदम मोठ्या भीतीत उतरण्याचे उपचार असतात. कडुनिंब यांनी ज्यांचं नाव घेतलं त्याच ओस्ट यांनी १९८९ साली एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत, ठरावीक गोष्टीची भीती घालवण्याची पद्धत मांडली. पण तीतही पुढचं पाऊल माणसाच्या संमतीनेच टाकलं जातं. दार लावून कोंडलं, तुम्ही रडून, हात झटकून बाहेर आलात, तर शरीर शिकेल ते एवढंच की कुकरपासून खरंच पळायला हवं, आणि नवऱ्यापासूनही.

ओढणी पहिल्या दिवशी घ्या, पुढे सोडा. अशा आधारांचा त्रास असा की काही वाईट घडलं नाही याचं श्रेय ते खाऊन टाकतात. "ओढणी होती म्हणून निभावलं." गॅसच्या बटणावर हात ठेवून उभं राहणं, शिट्ट्या होईपर्यंत मनात आकडे मोजणं, हेही आधारच. माझ्याकडे पालीला घाबरणाऱ्या एक बाई यायच्या, त्या रात्रभर स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवायच्या. पाल बघण्यापर्यंत त्या पुष्कळ लवकर आल्या. तो दिवा बंद करायला मात्र फार वेळ लागला, आणि तो बंद झाल्यावरच त्यांची भीती खऱ्या अर्थाने उतरली.

आता मुलगी. विस्कॉन्सिनमध्ये सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली माकडांवर काम केलं. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. रानात वाढलेल्या, सापाला घाबरणाऱ्या माकडांना त्यांनी नुसतं पाहिलं आणि काही मिनिटांत तीही घाबरायला लागली, महिन्यांनंतरही तशीच. तुमच्या लेकीने कुकर पाहिला नाही, तिने तुमचा चेहरा पाहिला. पण त्याच संशोधकांनी पुढे दाखवलेली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी आहे. काही माकडांना आधी न घाबरणारं माकड सापाशेजारी निवांत बसलेलं दाखवलं आणि नंतर घाबरणारं. त्यांतल्या बहुतेकांना भीती लागलीच नाही.

म्हणून तिला तुमच्या सरावाच्या पहिल्या दिवसांत जवळ ठेवू नका. तिला बाबांबरोबर ओट्यापाशी उभं करा, बाबांना कुकर लावताना गाणं म्हणू द्या, शिट्ट्या तिने मोजायच्या, मग गरम भात-तूप. तुमची एखादी पायरी सहज जमायला लागली की त्या पायरीवर तिला बोलवा. "घाबरू नकोस" असं तिला एकदाही म्हणू नका. तुमच्या तोंडून ते ऐकलं की तिला वाटणार, इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

ओसरी

काही आठवड्यांनी लिहितेय. पाणी झालं, भात झाला, तूरडाळही झाली. परवा वरण-भाताचा कुकर लावून तिथेच पोळ्या लाटत होते. लेक शिट्ट्या मोजते आणि चुकली की बाबांना पुन्हा मोजायला लावते. पण काल मैत्रिणीकडे गेले, तिच्या स्वयंपाकघरात गप्पा मारत उभी होते, तिचा कुकर सूं करायला लागला आणि पुन्हा तेच, तळहात ओले, छातीत धडधड. थांबले मी, बाहेर नाही गेले, पण घरी आल्यावर रडले. एवढं केलेलं सगळं वाया गेलं का? साताऱ्याला काय होईल मग?

कृष्णाकाठ

काही वाया गेलं नाही, आणि तुम्ही थांबलात हे काल घडलेलं सगळ्यात मोठं काम आहे.

भीती विझते तेव्हा जुनी जोडणी पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवीन शिकणं उभं राहतं, "हा आवाज झाला तरी काही होत नाही". पावलॉवलाच दिसलं होतं की विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप थोडा परत येतो. पुढे मार्क बूटन यांनी उंदरांवर दाखवलं की जुनी भीती कुठेही सोबत येते, नवीन शिकणं मात्र जिथे शिकलं त्या जागेला चिकटून राहतं. जागा बदलली की जुनी पुन्हा डोकं वर काढते. तुमचं नवीन शिकणं तुमच्या ओट्यावर, तुमच्या कुकरवर, मिस्टर घरात असताना झालंय. मैत्रिणीचं घर त्याला नवीन. पीटरच्या बाबतीतही मध्येच असं झालं होतं. तापाच्या आजारात तो इस्पितळात राहिला, तिथून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला आणि सशाची भीती पुन्हा पहिल्यासारखी झाली. जोन्सने पायऱ्या पुन्हा खालून सुरू केल्या आणि तो सशापर्यंत पोचला.

म्हणून आता पायऱ्या वाढवायच्या नाहीत, जागा वाढवायच्या. मैत्रिणीकडे पुन्हा जा, तिला सांगून जा आणि तिचा कुकर तुम्ही लावा. आईकडे लावा. खालच्या काकांकडे लावा, मूग उडाल्यावर धावत आले होते त्यांच्याकडे. दुपारी लावा, रात्री लावा, मिस्टर बाहेर असताना लावा. मूग राहिलेत, ते अर्ध्या कुकरपेक्षा कमी घेऊन, नळी बघून, याच दिवसांत होऊन जाऊ द्या.

साताऱ्याला जमलं तर सगळ्यांच्या दोन दिवस आधी पोचा. पहिल्या संध्याकाळी घरात चार-सहा माणसं असतील, तेव्हा मोठ्या कुकरची रिंग आणि नळी स्वतः तपासा आणि नुसता भात लावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही कुकर. गौरी जेवणाच्या दिवशी गर्दी आणि घाई असते, तो दिवस सरावासाठी ठेवू नका. सासूबाईंना आजच फोन करून सांगा की मी हे असं करणार आहे, मला ओट्यापासून हटवू नका आणि "बस तू, मी करते" म्हणू नका. नणंदेलाही सांगा, चिडवण्याऐवजी शेजारी उभी राहून नारळ खोव. आणि नाशिकला परत आल्यावर कुकर पुन्हा मिस्टरांच्या हाती जाऊ देऊ नका, निदान दिवाळीचे फटाके होऊन जाईपर्यंत तरी रोज एक तुमचा.